मावशीचा आवाज आणि फिरलेली बटणे

दिवाळीच्या साफसफाईत कुणाचा चष्मा हरवतो, कुणाची विजेची बिले. गेल्या दिवाळीत मी चक्क मावशीचा आवाज हरवून बसलो!

त्याचे असे झाले. घरातल्या मागच्या खोलीत मी ध्वनिमुद्रणाचा छोटासा संसार मांडला आहे. मावशीचे वय 81. तिचे सात अभंग मुद्रित करून नातवंडांसाठी ठेवावेत, एवढाच बेत. भाद्रपदात चार झाले आणि तिला ताप आला. उरलेले तीन दिवाळीनंतर घ्यायचे ठरले.

तिचा आवाज मी जुन्या धर्तीच्या इक्वलायझरमधून घेत होतो. आवाजातला खर्ज आणि टीप कमीजास्त करणारे हे यंत्र. मूळ नमुना अमेरिकेतल्या ‘पल्टेक’चा, 1950 च्या दशकातला. त्यात संगणकाचा संबंध नाही. आतले मंडल आवाज क्षीणच करते. मग व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर गेलेले बळ परत देतो. गंमत अशी, की एकाच खर्जाला वाढवायचे बटण वेगळे आणि घटवायचे वेगळे. दोन्ही एकदम फिरवली तर वजाबाकी शून्य येत नाही, कारण दोघांचे पट्टे एकमेकांवर नेमके बसत नाहीत. तळचा खर्ज भरतो आणि त्याच्या वरची गचगच निघून जाते. मावशीच्या थरथरत्या आवाजाला त्याने छान अंग आले होते.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी ‘माझ्या खोलीला कुणी हात लावू नका’ असे घरात बजावून मी स्वतःच फडके घेतले आणि सगळी बटणे लखलखीत पुसली. पुसता पुसता ती फिरली! वहीत टिपण होते: ‘वाढ 4, घट 3 च्या किंचित पुढे.’ आता हे ‘किंचित’ म्हणजे किती? आईच्या पाककृतीतले ‘मीठ अंदाजाने’ असते ना, त्यातलाच प्रकार. शिवाय आवाज यंत्रातूनच मुद्रित झालेला. कोरी प्रत मी ठेवलीच नव्हती.

तीन रात्री झगडलो. नवे अभंग ऐकून मावशी म्हणाली, “अरे, पहिले चार मी म्हटलेत. हे तीन कुणी म्हटले रे?”

शेवटी तिच्या नातवाने वाट दाखवली. “काका, बटणे संगणकाला फिरवू द्या ना!” पोलंडमधल्या बेटरमेकर, वेसऑडिओ अशा कंपन्या तसली यंत्रे बनवतात. आवाज खऱ्याखुऱ्या विद्युतमंडलातूनच जातो. पण बटणांचा कारभार संगणकावरचा ‘प्लग-इन’ हा छोटा प्रोग्रॅम पाहतो. यूएसबीच्या तारेतून यंत्राला हुकूम जातात आणि बटणांच्या जागा गाण्याच्या फाइलबरोबर जतन होतात. चार महिन्यांनी ती फाइल उघडा, यंत्र मुकाट्याने त्याच जागी येते. फडके कितीही फिरवा!

अर्थात सगळे फुकट मिळत नाही. निव्वळ संगणकातल्या इक्वलायझरच्या हव्या तेवढ्या प्रती काढता येतात. हे यंत्र मात्र एकच. त्यातून पाच मिनिटांचे गाणे फिरवून आणायचे, तर पाच मिनिटे बसून राहावे लागते. मला त्याचे दुःख नाही. तेवढीच मावशी पुन्हा ऐकायला मिळते.

नातवाने तसे एक यंत्र मिळवून दिले. यंदा सातही अभंग नव्याने घेतले. चार चैत्रात, तीन श्रावणात. या खेपेला कोरी प्रतही जपली. श्रावणात फाइल उघडली तेव्हा आकडे तेच, जागा त्याच. तरी शेवटचे तीन मला जरा निराळे वाटले. यंत्र पुन्हा पुन्हा तपासले. त्याची काही चूक नव्हती.

मावशीने सातही अभंग डोळे मिटून ऐकले. म्हणाली, “आता सगळे माझेच आहेत. शेवटचे तीन म्हणताना थोडी थकले होते, एवढेच.”

माझा हात बटणाकडे गेला होता. तो मी मागे घेतला.