नदीची रुंदी कुठपर्यंत?

नेवासे तालुक्यातले घोडेगाव नगर–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर आहे. कांद्याच्या आणि जनावरांच्या बाजारामुळे ते सर्वांना माहीत आहे. आजूबाजूचा मुलूख सपाट आणि पाऊस बेताचा, वर्षाला साधारण पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर. इथल्या मुलांच्या मनातली नदी म्हणजे नेवाशाची प्रवरा: रुंद पात्राची, संथ. ती फुगते तेव्हाही वरच्या धरणांतून किती पाणी सुटले याची बातमी पाण्याच्या आधी गावात पोहोचते.

इथल्या काही शिक्षकांनी नववीच्या चाळीस मुलांचे निसर्ग-शिबिर याच प्रवरेच्या उगमाकडे, अकोले तालुक्यातल्या रतनवाडीला न्यायचे ठरवले. दिवस निवडले मे महिन्याच्या अखेरचे, कारण त्या सुमारास भंडारदऱ्याच्या परिसरात झाडे काजव्यांनी लखलखतात. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तेव्हा वनखात्याची परवानगी घेतली आणि मुक्कामाची नेमकी जागा ठरवायला दोन शिक्षकांसह आम्ही आधी जाऊन आलो.

रतनगडाच्या पायथ्याशी प्रवरा अगदी ओढ्याएवढी आहे. मे महिन्यात तिला धारही नव्हती, फक्त कातळातल्या डोहांत पाणी साचलेले. एका डोहाशेजारी वाळूचा छान पट्टा होता. एक शिक्षक म्हणाले, “सर, तंबूंना याहून चांगली जागा मिळायची नाही. जमीन सपाट, मऊ, आणि पाणी हाताशी.”

तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. आम्ही एवढेच विचारले, “या सगळ्या डोंगरात हीच जागा सपाट आणि मऊ का?”

या प्रश्नाच्या उत्तरात शिबिराची सुरक्षितता दडलेली आहे. म्हणून तो जरा उलगडून पाहू या.

सपाट जागा कोणी केली?

डोंगरात जमीन आपोआप सपाट होत नाही. ओढ्याकाठचा वाळूचा पट्टा पाण्यानेच पसरलेला असतो. पूर ओसरताना पाण्याचा वेग कमी होतो. आधी मोठे गोटे खाली बसतात, मग लहान, आणि शेवटी वाळू. म्हणजे आपल्याला जो काठ वाटतो, तो नदीचा तळच असतो, फक्त त्या दिवशी उघडा पडलेला. नदीची खरी रुंदी मे महिन्यातल्या पाण्याएवढी नसून सर्वांत मोठ्या पुराएवढी असते. उरलेले दिवस ती आपली बरीचशी जागा रिकामी ठेवते, आणि नेमकी तीच जागा आपल्याला तंबूसाठी आवडते.

“पण पावसाळा अजून लांब आहे,” असे कोणी म्हणेल. काजव्यांचा हंगाम पावसाळ्याच्या तोंडावर येतो आणि ते वळवाच्या पावसाचेही दिवस असतात. वळीव थोडा वेळ पडतो, थोड्या जागेवर पडतो, पण जोरात पडतो. गडावर ढग फुटल्यासारखा पाऊस आणि खाली तंबूवर चांदणे, असे सहज होऊ शकते.

दुसरी शंका अशी की, उन्हाने तापलेली कोरडी जमीन पाणी पिऊन टाकणार नाही का? पिते, पण घोटाघोटाने. जमीन ताशी जेवढे पाणी मुरवू शकते त्याहून पाऊस जोराचा असेल तर उरलेले पाणी वाहूनच जाते, मग खालची माती कोरडी का असेना. आणि रतनगडाच्या अंगावर माती तरी किती? उभे काळे कातळ आणि त्यावर मातीचा पातळ थर. बेसॉल्टच्या अखंड कातळावर पडलेले पाणी पत्र्यावर पडल्यासारखे घरंगळते.

थोडे गणित

हे आकडे वर्गात फळ्यावर मांडण्यासारखे आहेत. समजा, आपल्या तंबूच्या वरच्या बाजूचे पाणलोट क्षेत्र १० चौरस किलोमीटर आहे आणि तिथे तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला.

१० चौ. किमी म्हणजे १,००,००,००० चौरस मीटर. ५० मिमी म्हणजे ०.०५ मीटर. दोन्हींचा गुणाकार ५,००,००० घनमीटर. त्यातले ७० टक्के पाणी वाहून आले असे धरू, म्हणजे ३,५०,००० घनमीटर. ते एका तासात, म्हणजे ३,६०० सेकंदांत, आपल्यासमोरून गेले तर दर सेकंदाला सुमारे ९७ घनमीटर पाणी जाईल. ओढ्याचे पात्र २० मीटर रुंद आणि पाण्याचा वेग सेकंदाला अडीच मीटर धरला तर खोली किती? ९७ भागिले ५०, म्हणजे जवळजवळ २ मीटर. संध्याकाळी जिथे मुलांनी भात शिजवला तिथे रात्री एका पुरुषाच्या डोक्यावरून जाणारे पाणी!

आता वेळेचे पाहू. पाणलोटाचे दूरचे टोक ५ किलोमीटरवर असेल तर त्याच वेगाने तिथले पाणी २,००० सेकंदांत, म्हणजे अर्ध्या तासाच्या आतबाहेर, आपल्यापर्यंत येते. जवळच्या उतारांवरचे त्याच्याही आधी. नेवाशाला पुराची बातमी आधी पोहोचते, रतनवाडीला पाणीच आधी पोहोचते. अंधारात, पावसात, चाळीस मुलांना उठवून, मोजून, दोऱ्यांत न अडकता वर चढवायला किती वेळ लागेल याचा अंदाज शिक्षकांनी स्वतःच करावा. आमच्या मते अर्धा तास अपुरा आहे.

म्हणून रात्रीच्या पहाऱ्यावर भिस्त ठेवता येत नाही. पहारा ठेवावाच, पण मुलांचे रक्षण होते ते संध्याकाळी निवडलेल्या जागेमुळे.

गुडघाभर पाण्याचे बळ

“पाणी गुडघाभर असेल तर चालत बाहेर येऊ की,” असे मुलांना वाटते. वाहत्या पाण्याचा रेटा त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गुडघ्यापर्यंतच्या दोन पायांवर सेकंदाला १ मीटर वेगाचे पाणी साधारण आठ किलो वजनाइतका रेटा देते. वेग २ मीटर झाला की तोच रेटा बत्तीस-तेहतीस किलोंवर जातो. खाली शेवाळलेले गोटे असताना हा रेटा नववीतल्या मुलाला आडवा करायला पुरेसा आहे, आणि आडव्या पडलेल्या शरीरावर पाण्याला अधिक क्षेत्रफळ मिळते.

दगडांच्या बाबतीत हा हिशेब आणखी थक्क करणारा आहे. पाण्याचा रेटा दगडाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो. दगडाचे वजन व्यासाच्या घनावर. त्यामुळे वेग दुप्पट झाला की पाणी चौपट व्यासाचा, म्हणजे चौसष्टपट वजनाचा दगड हलवू शकते. एरवी मूठभर गोटा हलवणारे पाणी पुरात मोठी धोंड ढकलते ते यामुळे. आपल्याच जिल्ह्यात पारनेर तालुक्यातल्या निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे अनेकांनी पाहिले असतील. भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे वर्षानुवर्षे फिरत राहिले आणि त्यांनी कठीण बेसॉल्टला रांजणाएवढी भोके पाडली.

काठ कसा वाचायचा?

नदी किती वर येते हे ती स्वतःच लिहून ठेवते. त्या दोन शिक्षकांबरोबर आम्ही तासभर फक्त हेच पाहिले.

झुडपांच्या बेचक्यांत अडकलेला पालापाचोळा, चिंध्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या शोधाव्यात. त्यांची उंची म्हणजे पाण्याची उंची. वाळूच्या पट्ट्यावर उभे राहिल्यावर आम्हांला असा कचरा डोक्याच्या वर दिसला.

गोटे पाहावेत. गुळगुळीत, गोल गोटे जिथवर पसरले आहेत तिथवर नदीची सत्ता आहे. चपटे गोटे कौलांसारखे एकमेकांवर रेललेले असतील आणि त्यांचा उतार नदीच्या वरच्या दिशेला असेल, तर ते पाण्यानेच रचले आहेत. दरडीवरून पडलेले दगड मात्र कंगोरेदार आणि वेडेवाकडे असतात.

कातळ पाहावा. पुराचे पाणी जिथे घासून जाते तिथे दगडफूल टिकत नाही. दगडफुलाचे जुने, मोठे ठिपके जिथून सुरू होतात तिथे पाणी क्वचितच पोहोचत असावे.

आणि गावातल्या जुन्या माणसांना विचारावे. त्यांची घरे कुठे आहेत, भातखाचरांचे बांध कुठे संपतात, हे नुसते पाहिले तरी पुष्कळ कळते. पिढ्यान्‌पिढ्यांची निरीक्षणे त्या घरांच्या जागांत साठवलेली असतात.

एवढे पाहून झाल्यावर जागा निवडावी ती सर्वांत वरच्या खुणेच्याही चांगली वर, मागे डोंगराकडे चढून जाण्याची वाट मोकळी असलेली. मात्र दरडीखाली किंवा कोरड्या घळीच्या तोंडाशी नको. नदीच्या मधले बेट कितीही सुंदर असले तरी वर्ज्य, कारण तिथून पळायला वाट नसते. हिवाळ्यातही थोडी उंच जागाच बरी. रात्री थंड, जड हवा उतारावरून ओघळून तळाशी साचते.

मुक्कामात पाणी एकाएकी गढूळ झाले, त्यावर काटक्या-पाने तरंगत आली, किंवा आवाज बदलून दगड घरंगळल्यासारखी घरघर ऐकू आली, तर सामान तिथेच टाकून वर चढावे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तिनाने भागले की वीज किती किलोमीटरवर आहे ते कळते. पंधरा सेकंद म्हणजे पाच किलोमीटर. वीज आपल्या नदीच्या उगमाच्या दिशेला असेल तर डोक्यावर पाऊस नसला तरी सावध झालेच पाहिजे.

इतरत्र काय घडले

११ जून २०१० च्या पहाटे अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, वॉशिटा राष्ट्रीय वनातल्या अल्बर्ट पाइक नावाच्या तळावर लोक तंबूंत झोपले होते. शेजारची लिटल मिझुरी नदी काही तासांत सुमारे एक मीटरवरून सात मीटरवर चढली. वीस जण दगावले. त्यापूर्वी ७ ऑगस्ट १९९६ रोजी स्पेनमधल्या बिएस्कास गावाजवळच्या तळावर ओढ्याचा लोंढा आला आणि ८७ माणसे गेली. तो तळ ओढ्याने आणून पसरलेल्या गाळाच्या पंख्यावर वसवलेला होता. म्हणजे पुन्हा तीच सपाट, सोयीची जागा.

आपल्याकडे ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पाणी वाढले आणि एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशातल्या मंडी जिल्ह्यात बियास नदीत उतरलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी आणि सहलीबरोबरची एक व्यक्ती वाहून गेली. तिथे पाऊस नव्हता, पाणी वरच्या धरणातून सोडलेले होते. प्रवरेवरही १९२६ साली पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे धरण आहे. त्याच्या खालच्या अंगाला मुक्काम असेल तर आभाळ पाहून भागत नाही, पाणी केव्हा सुटणार याची चौकशी करावी लागते.

वर्गात करून पाहा

दोन सारखे पत्रे किंवा ताटल्या सारख्याच तिरक्या ठेवा. एक उघडा, दुसऱ्यावर गवतासह मातीचा थर. दोन्हींवर झारीने एकाच वेळी तेवढेच पाणी ओता आणि खालच्या भांड्यात दर पाच सेकंदांनी किती पाणी जमले ते मोजा. काळ आडव्या अक्षावर आणि पाणी उभ्या अक्षावर घेऊन दोन आलेख काढा. उघड्या पत्र्याचा आलेख एकदम वर का जातो, याची चर्चा करा. मग झारी अधिक जोराने ओतून गवताचा आलेख कसा बदलतो ते पाहा.

शेवटी शिबिराविषयी. तंबू वाळूपासून बरेच वर, एका खडबडीत, किंचित उतरत्या माळावर लागले. पाणी वाहून आणावे लागले, पाठीला दगड टोचले. पाणी नितळ दिसत असले तरी उकळूनच प्यायले. शौचाच्या जागा पाण्यापासून साठ मीटरहून दूर ठेवल्या, कारण हेच पाणी पुढे नेवाशापर्यंत जाते. अभयारण्यात आग लावायला कायद्याने मनाई आहे, म्हणून शेकोटीही नव्हती. काजवे मात्र मनसोक्त पाहिले. दोन्ही रात्री आभाळ कोरडे राहिले.

परतताना एका मुलाने विचारले, “पाणी तर आलंच नाही. मग आपण उगाच दगडांवर झोपलो का?”

प्रश्न रास्त होता. आम्ही त्याला उलटा हिशेब घातला. समजा, अशा हंगामात वाळूवर झोपल्यास एका रात्री पाणी येण्याची शक्यता शंभरात एक आहे. मग एका रात्री सुखरूप राहण्याची शक्यता ०.९९. दोन रात्रींची ०.९९ गुणिले ०.९९. असे गुणत गेल्यास सुखरूप राहण्याची शक्यता निम्म्यावर यायला किती रात्री लागतील? उत्तर येते साधारण एकोणसत्तर. एका शाळेची दोन रात्रींची सहल असेल, तर पस्तीस शाळांच्या सहलींत त्या एकोणसत्तर रात्री भरतात. त्यांतल्या कोणत्या शाळेच्या वाट्याला ती रात्र येईल हे आधी सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक शाळेने वरच झोपायचे.

मुलाने वहीत गुणाकार सुरू केला. गाडी संगमनेरला पोहोचेपर्यंत तो पंचविसाव्या रात्रीपर्यंत आला होता.