सोळा टक्के मतं, जागा मात्र दोन!

मैत्रिणींनो, एवढी मतं पडूनही पक्ष हरतो कसा, असं पुष्कळजणी आम्हाला विचारतात. कॅनडाचं बघा. तिथंही आपल्यासारखंच, मतदारसंघात ज्याला सगळ्यांत जास्त मतं तो निवडून येतो. बाकीच्यांची मतं तिथंच संपतात.

१९९३ साली किम कॅम्पबेल त्या देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. ऑक्टोबरात निवडणूक झाली. त्यांच्या पक्षाला १६ टक्के मतं पडली, पण २९५ पैकी जागा आल्या दोन! बाई स्वतःही पडल्या. क्वेबेक या एकाच प्रांतात लढलेल्या पक्षाला मतं साडेतेरा टक्के, जागा मात्र ५४. एकाचं पाणी शेतभर शिंपडलेलं, दुसऱ्याचं एकाच वाफ्यात सोडलेलं.

मग पक्ष सावरला कसा? जवळच्याच विचाराचा दुसरा पक्ष त्यांची मतं खात होता, आणि हे त्याची. अशा तीन निवडणुका गेल्या. २००३ च्या डिसेंबरात दोघं एक झाले, २००६ ला सरकार आलं. जुन्या नावातला ‘प्रोग्रेसिव्ह’ शब्द मात्र सोडावा लागला. किती जणांना ते जड गेलं असेल!

ग्रामपंचायतीच्या एकाच जागेसाठी गटातल्या दोघींनी अर्ज भरला असेल, तर माघारीच्या तारखेआधी एकत्र बसा.