सपाट मैदानावरील वळण

सायकलची शर्यत म्हटली की मुंबई-पुणे रस्ता आणि बोरघाट सर्वांत आधी चढून जाणाऱ्यास मिळणारा ‘घाटाचा राजा’ हा किताब यांचेच स्मरण महाराष्ट्रातील वाचकास व्हावे, हे स्वाभाविक आहे. परंतु या क्रीडेचा उगम हमरस्त्यावर नव्हे, तर एका उद्यानात झाला, असे तिचा इतिहास लिहिणारे बहुधा मानतात. पॅरिसजवळील सँ-क्लूच्या उद्यानात 31 मे 1868 रोजी ज्या शर्यती झाल्या, त्यांपैकी एकीत जेम्स मूर हा इंग्रज तरुण पहिला आला. पुढे शर्यतींसाठी मुद्दाम कलत्या वळणांचे मार्ग बांधण्यात आले. दक्षिण लंडनमधील हर्न हिलचा मार्ग 1891 मध्ये खुला झाला, आणि 1948 च्या ऑलिंपिकमध्ये, ज्यात मुंबईकर पारशी तरुणांचा मोठा भरणा होता असा भारताचा सायकलसंघ उतरला, तेव्हा मार्गावरील सामने तेथेच झाले. आपल्याकडे पुण्याच्या बालेवाडीत 1994 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने तसा मार्ग झाला.

वसई-विरारच्या वाट्याला मात्र आले ते मातीचे सपाट मैदान. येथील सायकलचा पूर्वापार संबंध शर्यतीपेक्षा बाजाराशी अधिक. वाडीतील फुले, भाजी, केळी आणि विड्याची पाने कॅरिअरवर लादून पहाटेच्या गाडीसाठी स्टेशन गाठणे हा कित्येक घरांचा शिरस्ता होता. अशा ओझ्याच्या सायकलीचे मडगार्ड, स्टँड आणि कॅरिअर काढून, चाकांचा आऊट काढून, चेनला तेल देऊन तीच मैदानात आणली जाई. त्या काळी नगरपालिकांतून सायकलवर वार्षिक कर असे व तो भरल्याचा पितळी बिल्ला दांडीवर लागत असे. शर्यतीत वजन कमी करण्यासाठी जो तो काही ना काही काढी, पण बिल्ल्याला सहसा कोणी हात लावीत नसे, कारण घरी परतताना रस्त्यात शिपाई उभा असण्याची शक्यता वाऱ्याच्या अडथळ्यापेक्षा अधिक होती.

पापडीच्या बाजूच्या एका मैदानावर आखणीचे काम मी जवळून पाहिले आहे, आणि शर्यतीचा निकाल बऱ्याच अंशी तेथेच ठरतो, असे माझे मत झाले आहे. सूर्य वर येण्यापूर्वी दोन खुंट्या ठोकतात, 20 मीटर दोरी ताणून प्रत्येक खुंटीभोवती अर्धवर्तुळ काढतात, आणि ती दोन्ही 37 मीटरांहून किंचित लांब अशा दोन सरळ बाजूंनी जोडली, की 200 मीटरची फेरी सिद्ध होते. दोरी ढिली पडू नये म्हणून एक माणूस खुंटीवर पाय रोवून असतो. दुसरा खराट्याच्या काडीने ओरखडा काढीत जातो आणि तिसरा डब्यातून फक्की सोडीत त्याच्या मागे. त्यानंतर पाणी मारणे. वसईच्या मातीत वाळूचा अंश असल्यामुळे ती कोरडी राहिली तर चाकाखालून सरकते, आणि पाणी अधिक झाले तर रिमला चिकटून ब्रेकच्या रबरांत अडकते. पाणी मारणारा मनुष्य मूठभर माती उचलून ती वळते की फुटते हे पाहतो, आणि फुटण्याच्या किंचित आधी थांबतो.

मातीची एवढी काळजी घेण्याचे कारण गणिती आहे. 20 मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी 25 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराला सुमारे 14 अंश आत कलावे लागते, आणि वेग ताशी 36 किलोमीटर झाला की हाच कल 27 अंशांवर जातो. बांधीव मार्गावर जमीनच कलती असल्याने हा भार ती उचलते. मैदानात तो सारा टायर आणि माती यांच्या घर्षणावर पडतो, आणि सुट्या मातीचे सामर्थ्य त्याच सुमारास संपते. म्हणून जाणता स्वार वळणाआधी बाहेरून येतो, मध्यावर फक्कीच्या रेषेला जवळजवळ स्पर्श करतो आणि पुन्हा बाहेर निघतो. वळण चालू असताना तो ब्रेक मुळीच दाबत नाही. नवखा नेमका तेथेच दाबतो व पुढचे चाक निसटून कोपर सोलून घेतो.

पंचांचे काम त्याहून कठीण. मागे पडलेले स्वार पुढच्यांत मिसळले की कोण पहिला आणि कोण एक फेरी मागे, हे प्रेक्षकांना कळेनासे होते. त्यामुळे प्रत्येक पंचाकडे तीन-चार स्वार नेमून दिलेले असतात; त्यांच्या पाठीवरील क्रमांक पाहून तो चोपडीत रेघ ओढतो, शेवटच्या फेरीला शाळेची घंटा वाजवली जाते, आणि वाद उद्भवल्यास दोन चोपड्यांची रुजुवात घेतात. आरडाओरडा करणारे पाहुणे मंडपात असतात, चोपडी मात्र बहुधा एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या हाती. आणि त्याच्या शब्दापुढे कोणी जात नाही.

सावकाश सायकल चालविण्याच्या शर्यतीकडे लोक करमणूक म्हणून पाहतात; मला ती वेगाच्या शर्यतीइतकीच गंभीर वाटते. पाय जमिनीला लागला की बाद, आणि शेवटी पोहोचणारा विजयी, एवढाच तिचा कायदा. सायकल ज्या बाजूला झुकते त्याच बाजूला हँडल वळवून ती सावरावी लागते, आणि वेग जितका कमी तितके हे वळवणे मोठे. ब्रेक आणि पायडल यांच्यावरील दाब जो एकाच वेळी सांभाळतो तो टिकतो. या प्रकारात अंगात जोर असलेल्या तरुणांना केळीच्या घडांसह सायकल हाकणारे प्रौढ सहज हरवतात.

म्हणून ज्या मंडळांना अशा शर्यती भरवायच्या असतील, त्यांनी बक्षिसाच्या रकमेची चर्चा आटोपती घेऊन वळणाची त्रिज्या 20 मीटरांहून कमी ठेवू नये, पाणी सकाळीच मारावे, आणि फेऱ्या मोजणारे पंच नावनोंदणीच्या दिवशीच नेमून ठेवावेत.