बॅटरी उकळते तेव्हा

जुन्या ॲम्बेसिडरची बॅटरी उन्हाळ्यात सारखी पाणी मागू लागली, की खापर उन्हावर फुटते. लखनौमध्ये तर हे कारण आयते हाताशी असते; मे-जूनमध्ये पारा 45 अंशांच्या घरात जातो. पण नुसत्या उन्हाने उडणारे पाणी थोडे. दर आठवड्याला सहाही सेलमध्ये डिस्टिल्ड वॉटर ओतावे लागत असेल, बुचांभोवती आम्लाचा ओलसर थर साचत असेल आणि रेस देताच हेडलाइट झगझगत असतील, तर गाडी ओव्हरचार्ज होत असते.

12 व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीला चार्जिंगसाठी साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट पुरतात. दाब याहून वाढला की प्लेटांत साठण्याऐवजी वीज पाणी फोडू लागते. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे बुडबुडे निघतात. हवेत 4 टक्के हायड्रोजनही ठिणगीने पेट घेतो, म्हणून अशा बॅटरीजवळ विडी-काडी नको. तापमानाच्या दर अंशामागे चार्जिंगचा दाब सुमारे 20 मिलिव्होल्टने उतरायला हवा. म्हणजे 25 अंशांना योग्य असलेले व्होल्टेज बॉनेटखालच्या 50 अंशांत अर्ध्या व्होल्टने जास्त ठरते. उन्हाचा वाटा एवढाच.

खरा संशयित रेग्युलेटर. डायनॅमोच्या जुन्या गाड्यांत कटआउटशेजारी त्याची छोटी पेटी असते. व्होल्टेज वाढले की तिच्यातली कॉइल लोखंडी पट्टी ओढते, पॉइंट उघडतात, फील्डच्या वाटेत रेझिस्टन्स येतो आणि डायनॅमो सौम्य होतो. पॉइंट जळून चिकटले तर हा लगामच सुटतो. पण याहून लबाड दोष अर्थिंगचा. पेटीची अर्थ वायर गंजली की कॉइलला पुरेसा करंटच मिळत नाही आणि पॉइंट उघडत नाहीत. गॅरेजमध्ये मग चांगला रेग्युलेटर बदलला जातो. नवाही तसाच वागतो.

तपासणीला साधा मल्टिमीटर पुरतो. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते. इंजिन मिनिटाला 2000 फेऱ्यांवर नेल्यावर आकडा 15 च्या वर गेला, तर मीटरची एक टोचणी बॅटरीच्या बॉडीला जोडलेल्या टोकावर आणि दुसरी रेग्युलेटरच्या अर्थ टर्मिनलवर धरावी. दोन-तीन दशांश व्होल्टही दिसले तरी आधी वायर आणि टर्मिनल घासून स्वच्छ करावेत. बॅटरी उकळते पण व्होल्टेज मात्र वाढलेले नाही, अशा वेळी बहुधा एखादा सेल शॉर्ट झालेला असतो. तिथे बॅटरीच बदलावी लागते.

अर्थ ठीक असूनही व्होल्टेज जास्तच असेल, तर इंजिन बंद करून डायनॅमोची फील्ड वायर काढावी. पुन्हा सुरू केल्यावर डायनॅमोच्या मुख्य टर्मिनलवर दोन-तीन व्होल्टच उरले, तर दोष पेटीत किंवा तिच्या वायरिंगमध्ये. व्होल्टेज चढेच राहिले, तर फील्डची गुंडाळी आतल्या आत मुख्य टर्मिनलला भिडलेली असते. अल्टरनेटर बसवलेल्या गाडीत चालू इंजिनवर बॅटरीचे टर्मिनल काढून पाहण्याची गॅरेजमधली जुनी खोड मात्र महागात पडते: दाब क्षणात उसळतो आणि डायोड जळतात.