लागर बिअरची मुरवण आणि बाटलीबंदी

जर्मन भाषेत ‘लागर्न’ या क्रियापदाचा अर्थ ‘साठवून ठेवणे’ असा होतो. म्हणजे लागर बिअर या नावात पेयाची चव वा रंग सांगितलेला नसून त्याच्या घडणीतील एक क्रिया सांगितली आहे. बव्हेरियात १५५३ च्या राजाज्ञेने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर करण्यास मनाई झाली. त्यामुळे वसंतापूर्वी केलेली बिअर उन्हाळाभर थंड तळघरांत ठेवावी लागे. मराठीत या क्रियेस ‘साठवण’ म्हणण्यापेक्षा ‘मुरवण’ म्हणणे अधिक यथार्थ होईल. लोणचे बरणीत केवळ साठत नाही, मुरते.

घरी बिअर करणारा मुख्य किण्वन सुमारे १० ते १२ अंश सेंटिग्रेडवर होऊ देतो. ते संपत आले की दोन-तीन दिवस उष्णतामान १८ अंशांपर्यंत चढवितात, म्हणजे लोण्यासारखा वास देणारे डायअॅसिटिल यीस्ट स्वतःच शोषून घेते. नंतर चार ते आठ आठवडे बिअर शून्य ते चार अंशांवर ठेवली असता यीस्ट व प्रथिने तळाशी बसतात आणि ती निवळते.

खरी अडचण बाटली भरताना येते. बिअरमधील वायू तिच्या आकारमानाच्या पटीत मोजतात. लागरला सुमारे अडीच पट वायू हवा. शून्य अंशावर किण्वन झालेल्या बिअरमध्ये १.७ पट वायू राहू शकेल, हे कोष्टक खरे. परंतु १८ अंशांवर निघून गेलेला वायू बिअर पुन्हा थंड केल्याने परत येत नाही. म्हणून हिशेब किण्वनाच्या अखेरच्या सर्वांत उबदार अवस्थेचा, म्हणजे ०.९ पटीचा, धरावयास हवा. उरलेल्या १.६ पटीसाठी लिटरमागे सुमारे सहा ग्रॅम साखर लागते. थंडीचा आकडा धरणाऱ्यास तीनच ग्रॅम पुरेसे वाटतात आणि बिअर मिळमिळीत होते.

याहून घातक चूक म्हणजे अपुरे किण्वन. विशिष्ट गुरुत्व ०.००४ ने उतरावयाचे राहिले असेल, तर बाटलीत सुमारे दोन पट वायू अधिक निर्माण होतो. साधी बाटली तो सोसेलच असे नाही आणि फुटल्यास काचा डोळ्यांतही जाऊ शकतात. म्हणून थंड करण्यापूर्वी काही दिवसांच्या अंतराने घेतलेली दोन मापे एकच आली पाहिजेत.

जर्मनीत तळकिण्वित बिअरमध्ये साखर घालण्यास कायद्याची मान्यता नाही. तेथील घरगुती कारागीरही पुष्कळदा राखून ठेवलेला न आंबलेला माल्टरस वापरतात. त्यास ‘श्पाइझे’, म्हणजे ‘अन्न’, म्हणतात. यीस्टच्या दृष्टीने हे नाव अगदी बरोबर आहे.

दीर्घ मुरवणीनंतर यीस्ट फार थोडे उरते, म्हणून बाटली भरताना चिमूटभर ताजे यीस्ट घालणे इष्ट. बाटल्या तपकिरी काचेच्या असाव्यात, कारण प्रकाशाने हॉपमधील द्रव्ये बिघडून दुर्गंधी येते. भरलेल्या बाटल्या लगेच थंडीत ठेवल्यास यीस्ट निद्रिस्त होते. त्यांना प्रथम दोन-तीन आठवडे १८ ते २० अंशांवर, अंधारात, ठेवून मगच शीतपेटीत हलवितात.