जखमी कासवाला समुद्रात लोटू नका

पावसाळ्यात आपल्या वसई-डहाणू किनाऱ्यावर जखमी समुद्री कासवे वाहून येतात. त्यांत ऑलिव्ह रिडले जातीची कासवे बरीच असतात. समुद्रात टाकून दिलेल्या जाळ्यांत गुरफटल्याने त्यांचे वल्ह्यासारखे पाय चिरतात, प्रसंगी तुटतातही. अशा कासवाला लोक दयेपोटी पुन्हा पाण्यात लोटतात. परंतु हीच दया त्याच्या जिवावर बेतू शकते. कासव फुप्फुसांनी श्वास घेते. थकलेल्या कासवाला डोके पाण्याबाहेर काढता आले नाही, तर ते बुडून मरते.

म्हणून त्यास सावलीत ठेवावे, पाठीवर ओले फडके घालावे, नाकपुड्या मोकळ्या ठेवाव्यात, खाऊपिऊ घालू नये आणि वनविभागास १९२६ या क्रमांकावर त्वरित कळवावे. डहाणू येथे कासवांसाठी उपचार केंद्र आहे. जखम भरली, कासव नीट बुडी मारू लागले व स्वतः खाऊ लागले, म्हणजेच ते समुद्रात परतण्यास योग्य झाले.

जाळे कापून कासव सोडविणाऱ्या मच्छीमारास २०१८ साली सुरू झालेल्या शासकीय योजनेत २५,००० रुपयांपर्यंत भरपाईची तरतूद करण्यात आली. आमच्या कोळी बांधवांनी ही माहिती एकमेकांना अवश्य सांगावी, अशी आम्ही विनंती करतो.