लुगड्याचा काठ

नागपूरच्या पूर्व भागात कळमना येथे मोठा बाजार भरतो. धान्य, मिरची व संत्री यांच्या राशींमधून वावरणारे बहुतेक लोक आता सदरा-पाटलोणीत किंवा पाचवारी साडीत दिसतात. तथापि त्या गर्दीत एखादी वृद्ध शेतकरीण नऊवारी लुगडे नेसलेली आढळते. काही पिढ्यांपूर्वी हाच येथील स्त्रियांचा नित्याचा वेष होता.

लुगडे नऊ वार, म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर लांब असते. ते कमरेभोवती गुंडाळून निऱ्या घालतात व दोन पायांमधून मागे नेऊन कासोटा खोचतात. त्यास शिवण नाही की गुंडी नाही. तरी ते अंगावर पक्के बसते. बांधीतील चिखलात उभे राहून भाताची रोवणी करणाऱ्या बाईचे पाय त्यात मोकळे राहतात. वेष हा प्रथम कामातून घडतो. शोभा त्यास मागाहून येते.

विदर्भातील विणकरांनी ही शोभा काठात आणली. ऐन व अर्जुन या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांच्या कोशांपासून टसर रेशीम मिळते. त्यास येथे कोसा म्हणतात. साडीचा मधला भाग कोशाचा व काठ रंगीत सुताचा असतो. काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते, म्हणून तो करवतकाठ. तो विणण्यास तीन धोटे लागतात: दोन काठांसाठी व एक मधल्या पोतासाठी. प्रत्येक फेरीस काठाचा धागा पोताच्या धाग्यात गुंतवावा लागतो. साहजिकच हे काम फार सावकाश चालते.

१ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. गिरण्यांचे कापड स्वस्त पडे. पुढे यंत्रमाग आले व कोष्ट्यांच्या घरांतील कित्येक हातमाग थांबले.

वेषाचे असे स्थित्यंतर अन्य देशांतही झाले आहे. कॉकेशस पर्वताच्या कुशीतील जॉर्जिया देशात पुरुष ‘चोखा’ नावाचा लांब डगला घालीत. त्याच्या छातीवर लहान लहान कप्प्यांच्या ओळी असतात. बंदुकीच्या एकेका बारापुरती दारू भरलेल्या नळ्या त्यांत ठेवीत. आता त्या केवळ शोभेसाठी उरल्या आहेत. लग्नात व नृत्यात मात्र चोखा आजही अभिमानाने घालतात.

आपल्याकडेही लग्नात वधू हौसेने नऊवारी नेसते. वेष अशा रीतीने टिकेल. परंतु करवतकाठ विणणारे हात थोडे उरले आहेत. लुगडे पेटीत जपून ठेवता येते. ते विणण्याची विद्या मात्र नव्या हातांनी शिकून घेतली, तरच टिकते.